पाच लाखांचं काम: पुण्यात आपल्या गल्लीची मागणी महापालिकेच्या अंदाजपत्रकात कशी घालायची

दिव्याचा खांब आहे पण दिवा लागत नाही, ही तक्रार झाली. खांबच नाही, तो हवा आहे, ही मागणी झाली. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. बंद दिवा, तुंबलेलं चेंबर, न उचललेला कचरा, पदपथाचा उखडलेला एखादा गट्टू यांच्यासाठी महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या तक्रार सेवेवर तक्रार टाकायची किंवा वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा. ही कामं देखभालीच्या पैशातून होतात आणि काही दिवसांत व्हायला हवीत. नवा पदपथ, नवा खांब, बाक, उताराचा रॅम्प, पावसाळी लाईनचा तुकडा यांना मात्र अंदाजपत्रकात तरतूद लागते. तरतूद नसेल तर अधिकारी कितीही भला असला तरी ‘बजेट नाही’ एवढंच सांगू शकतो, आणि ते खरंही असतं.

ही तरतूद मागायची सोय पुणे महापालिकेनं २००६ पासून ठेवली आहे. कागदोपत्री नाव ‘अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग’. कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातून आली, तिथे ती १९८९ मध्ये सुरू झाली. पुण्यातलं रूप बरंच साधं आहे: नागरिकानं आपल्या भागातलं एक काम सुचवायचं, त्याचा खर्च पाच लाखांच्या आत हवा, क्षेत्रीय कार्यालयानं (म्हणजे वॉर्ड ऑफिसनं) ते तपासायचं आणि बसत असेल तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घालायचं. प्रत्येक प्रभागाला ठरावीक रक्कम असते. प्रभागरचना बदलली की तो आकडाही बदलतो, म्हणून यंदाचा आकडा वॉर्ड ऑफिसातच विचारा.

अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात. अर्जाच्या आधीची पंधरवड्याची तयारी आणि नंतरचा दीड वर्षाचा पाठपुरावा, यांवर काम होणार की नाही ते ठरतं. बहुतेक लोक ती दहा मिनिटंच देतात.

आधी जागा कुणाची ते पाहा

सूचना बाद होण्याचं एक मोठं कारण हेच. काम सार्वजनिक जागेवर आणि महापालिकेच्या ताब्यातल्या जागेवरच होऊ शकतं. वापर सगळे करतात म्हणून रस्ता सार्वजनिक ठरत नाही. तीन-चार सोसायट्यांना जोडणारा रस्ता कित्येकदा मंजूर नकाशात ‘अंतर्गत रस्ता’ असतो आणि बिल्डरनं किंवा सोसायट्यांनी तो महापालिकेकडे कधी सोपवलेलाच नसतो. तिथे महापालिका एक गट्टूही बसवणार नाही.

पुण्यात आणखी काही खास अडचणी आहेत. कालव्याच्या कडेची पट्टी पाटबंधारे खात्याची असते. छावणीच्या हद्दीत पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार चालतो. रेल्वेलगतची भिंत आणि तिच्या पायाची जागा रेल्वेची. वीजवाहिन्या आणि डीपी (वीजवाटपाच्या पेट्या) महावितरणच्या, रस्त्यावरचे दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाचे. त्यामुळे ‘लोंबणाऱ्या तारा आणि दिवा’ अशी एकत्र मागणी केलीत की ती दोन खात्यांच्या मध्ये लटकते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्या भागात राहत असाल तर रस्त्याच्या मालकीची चौकशी दुप्पट काळजीनं करा, कारण तिथले बरेच रस्ते अजून शेतमालकांच्या सातबाऱ्यावर आहेत.

चौकशीची पद्धत सोपी आहे. रस्त्याचं नाव, सर्व्हे नंबर आणि मोबाईलवर काढलेला नकाशा घेऊन क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला भेटा. ‘जेई साहेब कुठे बसतात’ असं विचारलंत की कुणीही दाखवेल. सकाळी ते साइटवर असतात, गाठ पडायची शक्यता दुपारनंतर जास्त. प्रश्न एकच: ‘हा रस्ता आपल्या ताब्यात आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर तिथेच थांबा आणि दुसरं काम निवडा. मालकीचा प्रश्न अर्जानं सुटत नाही.

काम छोटं ठेवा, आणि मोजा

‘आमच्या भागातले पदपथ सुधारावेत’ ही सूचना नाही, ती इच्छा आहे. तिचं एस्टिमेट काढता येत नाही, म्हणून ती यादीत तळाला जाते. सूचनेत कुठून कुठपर्यंत, किती लांब, किती रुंद आणि तिथे आत्ता काय आहे, एवढं हवंच.

मोजायला तीस मीटरची टेप आणि दोन माणसं पुरतात. समजा शाळेच्या गेटापासून बसथांब्यापर्यंत ४० मीटर पदपथ नाही. पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असं भारतीय रस्ते महासभेचं मानक सांगतं. म्हणजे ४० गुणिले १.८, क्षेत्र ७२ चौरस मीटर. दर जिल्हा दरसूचीत असतो आणि तो दरवर्षी बदलतो, तो जेईंना विचारा. निव्वळ हिशोब समजावा म्हणून धरा की खोदाई, खालचा थर, गट्टू, कर्ब (कडेचे दगड) मिळून दर चौरस मीटरला ४,००० रुपये पडले. काम झालं २,८८,००० चं. त्यावर १८ टक्के जीएसटी ५१,८४० रुपये, एकूण ३,३९,८४०. मर्यादेत बसलं. हेच ७० मीटर मागितलं असतं तर एकूण आकडा ५,९४,७२० झाला असता आणि सूचना बाद झाली असती. कराचं लोक विसरतात, आणि बरोबर पाच लाखांना टेकवलेली मागणी त्यामुळेच मर्यादेबाहेर जाते. साडेतीन-चार लाखांच्या आत राहिलात तर एस्टिमेट थोडं फुगलं तरी काम वाचतं.

काम मोठं असेल तर तुकडे पाडता येतात, पण प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. यंदा फक्त तुकडा ‘अ’ झाला आणि ‘ब’ कधीच झाला नाही, तरी ‘अ’ उपयोगी पडेल का? पदपथाचा तुकडा पडतो. पावसाळी लाईनचा पडत नाही. खालच्या चेंबरला न जोडलेली अर्धी लाईन म्हणजे डासांची सोय.

काही कामं दिसायला छोटी, पण या वाटेनं होत नाहीत. स्पीडब्रेकर हे त्यातलं पहिलं. त्याला वाहतूक पोलिसांचा अभिप्राय लागतो आणि मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट हवा. गल्लोगल्ली दिसणारे उंच, अरुंद उंचवटे मानकात बसत नाहीत, त्यामुळे ‘तिकडे आहे तसा इथे करा’ असं लिहू नका. झाड तोडणं किंवा फांद्या छाटणं वृक्ष प्राधिकरणाकडे जातं, त्याला १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. पथारीवाल्यांना हटवा ही मागणी इथे चालत नाही. त्यांच्यासाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आणि शहर फेरीवाला समिती आहे. अंदाजपत्रकाच्या अर्जात तो राग काढलात तर तुमची पदपथाची मागणीही भांडणाच्या फायलीत जाऊन बसते.

बाक, रॅम्प, बोलार्ड (वाहनं अडवणारे ठेंगणे खांब), दिव्याचे दोन-तीन खांब, उद्यानातली खेळणी, झेब्रा पट्टे, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती ही या योजनेत सहज बसणारी कामं. बाकाबद्दल एक सावधगिरी. बाक कुणाच्या खिडकीखाली बसणार आहे ते आधी पाहा. ‘तिथे टवाळ पोरं बसतील’ अशी तक्रार काम सुरू व्हायच्या दिवशी येते आणि ठेकेदार बाक घेऊन दुसऱ्या गल्लीत जातो. बोलार्ड मागताना दोन खांबांमध्ये मीटरभर अंतर राहील असं लिहा. नाहीतर दुचाकी अडवायला लावलेले खांब व्हीलचेअरही अडवतात.

फोटो पावसाळ्यातच काढून ठेवा

सूचना मागवण्याचं जाहीर आवाहन साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येतं. तारीख दरवर्षी वेगळी असते, वर्तमानपत्रात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर जाहीर होते. मुदत बहुधा गणपतीच्या आगेमागेच येते, तेव्हा अर्धं वॉर्ड ऑफिस मंडप परवानग्या आणि विसर्जन घाटांच्या तयारीत गुंतलेलं असतं. म्हणून जेईंची भेट आणि मोजमाप जुलैतच उरकून घ्या.

फोटो तीन हवेत. एक लांबून, ओळखीची खूण दिसेल असा (शाळेचं गेट, दुकानाची पाटी). एक जवळून, अडचण दिसेल असा. आणि एक वापराचा: शाळा सुटताना रस्त्यावरून चालणारी मुलं, पाणी साचल्यावर रस्त्याच्या मधोमध आलेली आजी. मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असा कोन घ्या. साचलेल्या पाण्याचा फोटो जुलैत मिळतो. ऑक्टोबरमध्ये तिथे कोरडा रस्ता असतो आणि पाहणीला आलेला माणूस म्हणतो, ‘इथे तर काहीच नाही’.

अर्जात काय लिहायचं

फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयं १५ आहेत. आपलं कोणतं ते मिळकतकराच्या बिलावरून किंवा शेजाऱ्याला विचारून खात्री करून घ्या. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज पुढे पाठवला जाईल या भरवशावर राहू नका. भाडेकरूंनीही संकोचू नये. सूचना करायला मालकी लागत नाही, त्या भागात राहणं पुरतं.

मजकूर असा असावा:

‘अमुक रस्त्यावर अमुक शाळेच्या मुख्य गेटापासून अमुक बसथांब्यापर्यंत, रस्त्याच्या डाव्या बाजूस, लांबी ४० मीटर, पदपथ नाही. सध्या मातीची पट्टी असून रुंदी सुमारे २.२ मीटर आहे. येथे १.८ मीटर रुंद, १५० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीचा पदपथ करावा व दोन्ही टोकांस १:१२ उताराचा रॅम्प करावा. पट्टीतील दोन झाडांभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवावी. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे. सोबत तीन फोटो व हाती काढलेला नकाशा.’

यात विशेषणं नाहीत, हे मुद्दाम. ‘अत्यंत दयनीय अवस्था’ या शब्दांचं एस्टिमेट निघत नाही. उलट झाडांचा उल्लेख केला नाही तर बुंध्याला चिकटवून काँक्रीट टाकलं जातं, आणि दोन पावसाळ्यांनी झाड झुकलं की त्याच झाडाला धोकादायक ठरवून पाडतात.

सह्या जोडाव्यात का? जोडा, पण शंभर सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा ज्यांच्या दारासमोर काम होणार आहे त्यांच्या दहा सह्या मोलाच्या. दुकानदार असेल तर त्याची सही आधी घ्या. पदपथामुळे गिऱ्हाइकाची गाडी लावायची जागा जाणार, हे त्याला काम सुरू झाल्यावर कळलं तर तो काम थांबवेल. आधी कळलं तर तो रॅम्पची जागा सुचवेल.

अर्ज कागदावर दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ऑनलाइन दिला तर पोच जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं.

सप्टेंबर ते जानेवारी: यादी कुठे अडते

मुदत संपल्यावर सूचना कामाच्या प्रकारानुसार वेगळ्या होतात: पथ, विद्युत, उद्यान, मलनिःसारण, घनकचरा. मग अभियंता जागा पाहून एस्टिमेट काढतो. या पाहणीच्या वेळी तुम्ही तिथे असणं हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी अर्धा तास. फोन करून दिवस विचारा आणि नकाशा घेऊन उभे राहा. जागेवरच कळतं की मध्ये महावितरणचा फीडर पिलर (वीजपेटी) आहे, किंवा समान पाणीपुरवठा योजनेची नळाची लाईन अजून टाकायची आहे. नळाची लाईन बाकी असेल तर पदपथाचा हट्ट धरू नका. काम झाल्यावर चार महिन्यांत तो उखडला जाईल आणि पुन्हा बसवताना गट्टू वरखाली होतील. त्याऐवजी दुसऱ्या बाजूचा तुकडा किंवा दिवा सुचवा, जागेवरच, लेखी.

तपासलेल्या सूचना मग प्रभाग समितीपुढे जातात. एकाच प्रभागाची रक्कम आणि त्यावर अनेक मागण्या, त्यामुळे इथे कात्री लागते. नगरसेवकांना याच टप्प्यावर भेटावं. अर्ज देण्याआधी भेटलात तर ‘मी माझ्या स यादीत घेतो’ असं आश्वासन मिळतं. स यादी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी. तिच्यातून काम झालं तर वाईट काही नाही, फक्त त्यावर नाव त्यांचं आणि जागाही त्यांच्या सोयीची असते. पुण्यात बाकापेक्षा बाकावरचं ‘संकल्पना’ मोठं असतं ते त्यामुळेच. दोन्ही वाटा उघड्या ठेवा, पण नागरिक सहभागाचा अर्ज मागे घेऊ नका.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासकांचा कारभार होता आणि त्या काळात निर्णय अधिकाऱ्यांच्याच पातळीवर होत. तेव्हाही अर्ज घेतले जात होते. म्हणजे योजना नगरसेवकांवर टांगलेली नाही, पण ते असले की स्पर्धा वाढते.

आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारीत स्थायी समितीपुढे येतं, पुढे स्थायी समितीचं मुख्य सभेपुढे. पुस्तक संकेतस्थळावर चढतं. त्यात नागरिकांनी सुचवलेल्या कामांची वेगळी यादी असते, क्षेत्रीय कार्यालयानुसार. आपलं काम शोधा आणि पान क्रमांक, कामाचं नेमकं नाव, रक्कम लिहून घ्या. नाव बदललेलं असू शकतं: तुमचा ‘शाळा ते बसथांबा पदपथ’ तिथे ‘प्रभागात विविध ठिकाणी पदपथ करणे’ झालेला असेल तर सावध व्हा. ‘विविध ठिकाणी’ या दोन शब्दांत काम कुठेही होऊ शकतं. मंजुरी व्हायच्या आतच लेखी दुरुस्ती मागा.

एप्रिलनंतरचं खरं काम

तरतूद झाली म्हणजे पैसे आले असं नव्हे. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, ३१ मार्चला संपतं आणि न वापरलेली तरतूद त्या दिवशी मरते. मध्येच ‘वर्गीकरण’ही होतं: एका कामाची रक्कम ठराव करून दुसऱ्या कामाला दिली जाते. ज्या कामामागे कुणी विचारणारं नाही, ते वर्गीकरणाला सोयीचं.

म्हणून कॅलेंडरवर चार खुणा करा. मेमध्ये विचारा, पूर्वगणनपत्रकाला (म्हणजे एस्टिमेटला) तांत्रिक मंजुरी मिळाली का. पावसाळ्यात खोदाई बंद असते, पण टेंडर काढायला पाऊस आडवा येत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये टेंडरचं विचारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्क ऑर्डरची (कार्यादेशाची) तारीख. डिसेंबरपर्यंत काम जमिनीवर नसेल तर सहायक आयुक्तांना लेखी पत्र द्या, सोबत जुना आवक क्रमांक. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या शहराची कामं एकदम निघतात, त्या घाईत झालेला पदपथ मेमध्ये बघवत नाही. क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक होत असेल तर तिथेही हा प्रश्न मांडा आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते पुढच्या बैठकीला पाहा.

उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. ‘का’ ही माहिती नसते, असं उत्तर येतं. कागद मागा: ‘अमुक वर्षाच्या अंदाजपत्रकातील पान अमुक, काम अमुक. या कामाचे पूर्वगणनपत्रक, निविदा सूचना, कार्यादेश आणि वर्गीकरण झाले असल्यास त्या ठरावाची प्रत द्यावी.’ मुदत ३० दिवस. नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्याआधी एक सोपी वाट तपासून पाहा: महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत होती, ती आत्ता चालू आहे का ते विचारा. पुण्यातली ही पद्धत राज्य सरकारनं २०१८ मध्ये इतर स्थानिक संस्थांनाही लागू केली. फाईल समोर बसून पाहिली की महिन्याभराचा पत्रव्यवहार वाचतो.

काम चालू असताना काय पाहायचं

कार्यादेशाची प्रत आणि मोजमापांचा तक्ता हाती असेल तर ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलणं सोपं जातं. हुज्जत घालू नका. काही चुकत असेल तर फोटो काढून जेईंना पाठवा, कारण मुकादमाला बदल करायचा अधिकार नसतो.

गट्टूच्या पदपथात बिघाड वरून दिसत नाही, तो खाली असतो. माती नीट दाबली नाही, खडीचा थर टाकला नाही आणि थेट मातीवर कच पसरून गट्टू मांडले, तर पहिल्या पावसात खळगे पडतात. म्हणून गट्टू मांडायच्या आदल्या दिवशी जागा पाहा, मांडल्यावर नव्हे. पदपथाला साधारण ६० मिलिमीटर जाडीचे गट्टू चालतात. जिथे गाड्या चढणार, म्हणजे सोसायटीच्या गेटासमोर, तिथे ८० मिलिमीटरचे हवेत. तिथे ६० चे घातले तर टँकरच्या एका फेरीत फुटतात. कडेला कर्ब काँक्रीटमध्ये पक्का बसलेला हवा, नाहीतर गट्टू बाजूला सरकत जातात. उतार रस्त्याकडे असावा, भिंतीकडे नव्हे. हे बादलीभर पाणी ओतून तिथल्या तिथे कळतं. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलली का, की गट्टूंखाली गाडली गेली? गाडलेलं चेंबर सापडायला पुढे सगळा पदपथ फोडतात.

काम झाल्यावर दोष दायित्व कालावधी सुरू होतो. त्या मुदतीत बिघडलेलं काम ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं असतं. मुदत किती ते टेंडरच्या कागदात लिहिलेलं असतं, त्यावर पेन्सिलनं खूण करा आणि काम पूर्ण झाल्याची तारीख शेजारी लिहा. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, पुन्हा टेप आणि फोन घेऊन ते चाळीस मीटर चालून या. खचलेले गट्टू मोजा आणि मुदतीच्या आत लेखी कळवा. मुदत उलटल्यावर तीच दुरुस्ती पुन्हा महापालिकेच्या पैशातून होते.